खाल्ल्या घरचे वासे

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसाने डोंगरातल्या घराचं चित्र काढलेलं असतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यात अर्धा सूर्य, तिथून निघून रुंद होत होत कागदाच्या खालच्या कडेवर सांडणारी नदी, आभाळात चारच्या आकड्याचे पक्षी, एक नारळाचं झाड आणि एक घर. घराला उतरतं छप्पर, मधोमध दार, दोन बाजूंना दोन खिडक्या आणि छपरातून डोकं वर काढलेलं धुराडं. डोंगरमाथ्यावर नारळ कसा, असं कुणी विचारत नाही. धुराडं कुठून आलं, असंही नाही. आपल्या मागच्या सात पिढ्यांत कुणाच्या घराला धुराडं नव्हतं; चुलीचा धूर कौलांच्या फटींतून, दारातून आणि आजीच्या डोळ्यांतून वाट काढत जायचा. तरी एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राला बसलेल्या पोरांना नेमकं ते धुराडंच स्मरतं, आणि परीक्षकांनाही स्मरत असावं, कारण गुण मिळतात.

बहुतेकांचा हा आजार इंटरमिजिएटनंतर आपोआप बरा होतो. आमच्या एका मित्राचा झाला नाही. तो पुढे जे. जे.मध्ये गेला, तिथून जाहिरात कंपनीत गेला, बिस्किटं खुसखुशीत आणि साबण फेसाळ दिसतील अशी चित्रं काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्त होऊन घरी आला तो संकल्प घेऊनच. सह्याद्रीतल्या जुन्या घरांच्या चित्रांचं पुस्तक. गवताची छपरं, कारवीचे कुड, दगडी जोती. काळी शाई आणि वर हलकेच जलरंग. "ही घरं आणखी दहा वर्षांनी दिसणार नाहीत," असं तो म्हणाला. हे वाक्य तो प्रत्येक घरासमोर म्हणायचा, घरमालकाच्या देखत. घरात माणसं राहत असताना असं बोलू नये, एवढं भान कलावंताला नसतं.

सोबती म्हणून माझी निवड झाली, कारण माझ्याकडे गाडी आहे आणि चित्रकलेबद्दल मत नाही. माझ्याकडे घडीचं स्टूल, पाण्याची बाटली आणि कुत्र्यांची जबाबदारी होती. यातलं तिसरं काम काय आहे, हे धनगरवाड्यावर गेल्याशिवाय कळत नाही. म्हशींची राखण करणाऱ्या कुत्र्याला शहरी माणूस आणि वाघ यांच्यात फारसा फरक दिसत नाही. वाघाला निदान तो थोडा वचकून असतो.

राजगड-तोरण्याच्या घेऱ्यातली गावं आम्ही धरली होती, आणि त्यांच्याही वर सोंडांवर वसलेले गवळी धनगरांचे वाडे. वाडा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा आला असेल तर त्याने तो खाली उतरवून ठेवावा. धनगरवाडा म्हणजे रानात विखुरलेली चार-सहा घरं. माणसं आणि म्हशी एकाच छपराखाली, मध्ये एक आडोसा. थंडीत म्हशींची ऊब माणसांना मिळते. माणसांपासून म्हशींना काय मिळतं, ते म्हशींनी कधी सांगितलेलं नाही.

घाटमाथ्यावरचं जुनं घर म्हणजे मुख्यतः छप्पर. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपण रस्त्यांना नावं ठेवतो. त्याच डोंगररांगेत महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास पडतो, तोही आडवा. त्यामुळे छपराची दोन्ही पाखं पार खाली ओढलेली, भिंत जेमतेम कंबरेएवढी दिसणार, आणि आत शिरताना दाराला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागणार. लांबून ते घर इरलं पांघरून वाफ्यात वाकलेल्या बाईसारखं दिसतं. आत मधोमध मेढी, मेढींवर आढं, आढ्यावरून दोन्हीकडे उतरलेले वासे. भिंती म्हणजे कारवीच्या काठ्यांचे कुड, वरून शेणमातीचा लेप. ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा डोंगर जांभळा होतो आणि शहरातले लोक तिच्यात उभे राहून फोटो काढतात. मधली सगळी वर्षं ती गावकऱ्यांच्या भिंतीत मुकाट उभी असते, तिकडे कुणी फिरकत नाही.

धुराडं अर्थातच नाही. ते नसण्याला कारणही आहे. चुलीचा धूर आढ्याखाली कोंडतो, वाशांना काळा चकचकीत लेप चढवतो, गवतातली कीड मारतो आणि मग सावकाश छपरातूनच पाझरतो. सकाळी बाहेरून पाहावं तर सगळं घरच वाफाळतंय असं वाटतं. चित्रकार हे पाहून इतका हरखला की त्याचा चष्मा ओला झाला. मी आत बसलो होतो, माझे नुसते डोळेच ओले झाले.

पहिली अडचण रंगरेषेची नव्हती. डोंगरातल्या गावात अनोळखी माणूस हातात कागद घेऊन घराकडे एकटक बघत बसला, तर त्याचा अर्थ एकच होतो: घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण शाखा २०१६पासून चालू आहे. सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, तेही हप्त्याहप्त्याने, आणि हप्ता सुटायचा तर घराचे फोटो लागतात, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. त्यामुळे आपल्या घराकडे सरकार कोणत्या नजरेने बघतं, याचा गावाला चांगला सराव आहे. एका आजोबांनी चित्रकाराला विचारलं,

"कंच्या हापिसातनं?"

"ऑफिस नाही आजोबा, मी चित्रकार आहे."

"व्हय, पर यादी कुणाकडं हाय?"

"यादी नाही हो. तुमचं घर मला फार आवडलं, म्हणून चित्र काढतोय."

आजोबांनी मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. इतकी वर्षं राहून आपल्याला न दिसलेलं काही याला दिसलं की काय, असा तो भाव होता. मग काही न सापडल्यामुळे त्यांनी चित्रकाराचा दंड धरला आणि त्याला मागच्या अंगाला नेलं. "काढायचं तर हितनं काढा. हिकडं भित पडाया आलीया."

मागच्या भिंतीला खरोखरच तडा होता, जोत्यापासून वळचणीपर्यंत. चित्रकाराच्या तोंडून "वा!" निघालं. आजोबांना वाटलं, काम झालं. त्या तड्याच्या प्रत्येक फाट्याचं इतकं प्रेमाने रेखाटन झालं की आजोबांनी आतून चहा मागवला. कला आणि अनुदान यांचं उद्दिष्ट इतकं एक झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बातमी पसरली. दुपारपर्यंत प्रत्येक जण आपल्या घराची सगळ्यात वाईट बाजू दाखवायला येऊ लागला. एकाने तर छपरावर टाकलेली निळी ताडपत्री उतरवून आत नेली, सोय झालीय असं सरकारला वाटायला नको म्हणून. चित्रकाराला ती ताडपत्री तशीही नकोच होती.

त्याला पुष्कळच काही नको होतं. त्याचे नियम सोवळ्याइतके कडक होते. पत्रा नको, प्लास्टिक नको, विजेची तार नको, डिश नको, मोटारसायकल नको. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उचलली की तिच्या जागी मडकं. दोरीवरची जीन्स उतरली की तिथे धोतर. याला तो 'निवड' म्हणत असे. त्याच्या चित्रांतलं गाव पाहून वाटावं की विसावं शतक पायथ्यालाच एसटी चुकल्यामुळे वर पोचलं नाही. मी एकदा म्हटलं की बाबा रे, ज्या घरात राहणारा मुलगा तुला मोबाइलवर उद्याचं हवामान सांगतोय, त्या घराच्या चित्रात मशाल काय करतेय? त्यावर तो म्हणाला की तुला चित्रातलं कळत नाही. हे आधीच ठरलेलं होतं.

दुपारी जेवायचा आग्रह झाला. नाचणीची भाकरी, ठेचा आणि वर दह्याचा गोळा. चित्रकार भाकरी मोडता मोडता वर आढ्याकडे बघत पुटपुटत होता. चुलीपुढच्या आजींनी विचारलं, "काय बगताय, मास्तर?"

"काही नाही आजी. वासे मोजतोय."

चुलीतलं लाकूड तेवढं तडतडलं. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं आजींनी जन्मभरात पुष्कळ पाहिली असणार, त्यात बरेच नातेवाईकही असतील. पण विचारल्यावर सरळ कबूल करणारा हा पहिलाच. त्यांनी त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "मोजा, मोजा. मागल्या साली दोन वाळवीनं खाल्ल्यात, ते बी धरा."

खरी परीक्षा चित्र पुरं झाल्यावर झाली. मुंबईच्या कलादालनात लोक चित्रासमोर उभे राहून 'अवकाश' वगैरे म्हणतात. आजींनी चित्र हातभर लांब धरून पाहिलं ते घर बांधणाऱ्याच्या नजरेने. "वळचण तोकडी झाली. पहिल्या पावसात कुड भिजंल." मग, "हे आढं वाकडं का?"

"आजी, ते खरंच वाकलेलं आहे."

"मग सरळ करायचं. चितरात काय पैसं पडत्यात?"

कलासमीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नाही. पण त्याहून मोठा घोटाळा पुढे होता. चित्र कोपऱ्यावरून घेतलेलं होतं, त्यामुळे घराची दर्शनी बाजू मोठी आणि मागची लहान होत गेली होती. "मागलं अंग बारकं का काढलं?" चित्रकाराने समजावलं की लांबची वस्तू लहान दिसते. आजी म्हणाल्या, "लांब कुटं? हितनं तितवर तर हाय." यावर त्याने पेन्सिल आडवी धरून, एक डोळा मिटून, क्षितिजरेषा आणि लोपबिंदू यांची माहिती दिली. आजींनी ती पुरी ऐकून घेतली आणि मग खरी अडचण सांगितली. घराच्या वाटण्या झालेल्या होत्या. पुढचं अंग थोरल्याचं, मागचं धाकट्याचं, दोन्ही सारखी. आता हे चित्र छापून आलं तर?

संध्याकाळी धाकटा आलाच, हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा घेऊन. शांतपणे म्हणाला, "सायेब, फुटं मोजून घ्या. आमचं तेवढं कमी नको." यथार्थदर्शनाचा जो नियम ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सला प्रयोग करून दाखवला आणि जो युरोपभर चालला, तो नमुना आठपुढे एक संध्याकाळही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी चित्र नव्याने काढलं गेलं. समोरून, सपाट, दोन्ही अंगं मोजून सारखी. ते जरा घराच्या नकाशासारखं दिसतं, पण त्यावर कुणाची हरकत नाही.

चित्रकाराचं मन थाऱ्यावर यावं म्हणून मी त्याला थोरोची गोष्ट सांगितली. रानातल्या खोपटाचं नाव जगभर करणारा अमेरिकेतला हा गृहस्थ. १८४५च्या ४ जुलैला तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या १० बाय १५ फुटांच्या घरात राहायला गेला. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हा हिशेब त्याने पुस्तकात छापला आहे, गिलाव्यात घालायच्या केसांच्या ३१ सेंटांसकट. रानात एकांतात राहूनही साडेबारातला अर्धा सेंट न सोडणारा माणूस मला अगदी सदाशिव पेठेतला वाटतो. १८५४ला पुस्तक निघालं तेव्हा पहिल्या पानावर त्या घराचं चित्र होतं, थोरोच्या सख्ख्या बहिणीने, सोफियाने, काढलेलं. आणि थोरोने काय केलं? दार जरा बदला, पुढे आलेलं छप्पर जरा दुरुस्त करा, अशी सूचना प्रकाशकाला धाडली. म्हणजे घरवाल्याला चित्रातली वळचण पटत नाही, हे तिथेही चुकलं नाही. पुढे ते घर मोडलं आणि त्याचं छप्पर कुणीतरी डुकरांच्या खुराड्यावर घातलं. गोष्ट इथवर आल्यावर चित्रकाराने मला थांबायला सांगितलं.

गवताच्या छपराबद्दल शेवटचा शब्द मात्र सूनबाईंचा होता. मृगाच्या आधी छप्पर शाकारायचं म्हणजे उतारावरचं गवत कापा, भारे बांधा, डोक्यावरून वर आणा, जुनं कुजलेलं उतरवा, विंचू झटका, नवं चढवा. चित्रकार पत्र्याविरुद्ध बोलत होता. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसात ताशासारखा वाजतो, डोळ्यांना खुपतो. सूनबाईंनी सगळं ऐकलं आणि धुणं पिळता पिळता म्हणाल्या, "तुम्हास्नी गवात आवाडतं तर मग वैशाखात या की भाऊ चार दिस. तुमचा मैतर बी आणा, भारं वाह्याला." यानंतर पत्र्याचा विषय निघाला नाही. मला तर तो आधीपासूनच टिकाऊ वाटत होता.

त्यांचा मुलगा तिसरीत. तो चित्रकाराच्या शेजारी बसून आपल्या वहीत स्वतंत्र काम करत होता. चित्रकार भारावला. गवताचं घर गवताच्या घरातलं मूल कसं पाहतं, हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर घालायचं, असं त्याने जागच्या जागी ठरवलं. पोराने वही उघडून दाखवली. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, नारळ, आणि धुराड्याचा बंगला. हा मुलगा तोरण्याच्या अंगावर राहतो. खिडकीतून १४०० मीटरचा साक्षात डोंगर दिसतो आणि तो काही केल्या त्रिकोणी नाही. पण शाळेत जे शिकवतात त्यापुढे डोंगराचं काय चालणार?

परतीच्या वाटेवर, खाली धरणाच्या पाण्याकाठी, एक रिसॉर्ट लागतं. तिथेही डोंगरातली घरं आहेत. लाकडाचे ओंडके वाटतील असे सिमेंटचे खांब, त्यावर लाकडाच्या रेषा रंगवलेल्या. वर काँक्रीटची स्लॅब आणि स्लॅबवर गवत. एसीचं बाहेरचं यंत्र बांबूच्या तट्ट्याने झाकलेलं. या घरांत एक रात्र राहण्याचं भाडं ऐकून चित्रकाराने गाडी पुढे घ्यायला सांगितली. धाकटा तिथेच रखवालदार आहे, आणि मृगाच्या आधी स्लॅबवरचं गवत बदलण्याचं कामही त्याच्याकडेच, वेगळी मजुरी घेऊन. घरच्या त्याच्या अर्ध्या छपरावर त्याने पत्रा कधीच टाकला आहे. पाहुणे त्याला विचारतात, हे सगळं ओरिजिनल आहे का? तो म्हणतो, गवात ओरिजिनल हाय.

पुस्तकाचा कच्चा खर्डा घेऊन आम्ही एका प्रकाशकाकडे गेलो. त्यांनी पानं चाळली, कागदाला बोट लावून जाडी पाहिली आणि म्हणाले, "सुंदर. पण किल्ला कुठाय?" चित्रकार म्हणाला, हे घरांचं पुस्तक आहे. "हो, पण सह्याद्री म्हटल्यावर लोक किल्ला बघतात. मागे कुठेतरी एक बुरूज टाका. आणि प्रत्येक घराखाली दोन ओळी, या घरात अमुक मावळा राहून गेला." चित्रकाराने प्रामाणिकपणे सांगितलं की या छपरातलं गवत मागच्या वर्षीचं आहे, कुड तीन वर्षांपूर्वीचा, आणि मेढी वाळवी लागेल तशा बदलत असतात. "मग जुनं काय आहे?" यावर त्याला उत्तर सुचेना. मी म्हटलं, भांडण. ते पणजोबांपासूनचं आहे. प्रकाशकांनी मोठ्या आकारातलं कॉफी टेबल बुक सुचवलं. मराठी घरात कॉफी टेबल नसतं, टीपॉय असतो, आणि त्यावर रिमोट, औषधांचा डबा नि विजेचं बिल मांडल्यावर पुस्तकाला जागा उरत नाही, ही अडचण कुणी काढली नाही.

पुस्तक अजून निघालेलं नाही, कारण चित्रकाराला मध्येच दुसरं काम मिळालं. धाकट्याचं घरकुल मंजूर झालं आणि त्याच सुमाराला त्याला स्थळंही येऊ लागली. मुलीकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न घराचाच असतो, आणि गवताचं घर सांगून हल्ली कुणी पोरगी देत नाही. बांधकाम तर अजून जोत्याशी. तेव्हा त्याने फोन केला, "सायेब, जुनं लई काढलंत. आता आमचं व्हनारं काढा."

चित्रकाराने आधी आढेवेढे घेतले. मग स्टूल, शाई, सगळं घेऊन गेला. सूचना स्वच्छ होत्या. स्लॅब पाहिजे, गॅलरी पाहिजे, गॅलरीला स्टीलचं रेलिंग. डिश दर्शनी बाजूला. दारात मोटारसायकल, नंबरप्लेटसह. सोवळ्यातल्या यच्चयावत वस्तू एकाच कागदावर आल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातून इतकं जिवंत चित्र मी आधी पाहिलेलं नाही. बिस्किटांच्या दिवसांतला सगळा खुसखुशीतपणा त्या गॅलरीत उतरला आहे. मानधन म्हणून इंद्रायणी तांदळाचं अर्धं पोतं मिळालं, ते वहिनींना त्याच्या आजवरच्या सगळ्या कलाकारकिर्दीपेक्षा जास्त पटलं. आता वाडीतल्या आणखी तिघांनी होणारी घरं काढायला सांगितली आहेत. एकाला दोन मजले हवेत, कारण चित्रात पैसे पडत नाहीत.

धाकट्याने ते चित्र मोबाइलवरून मुलीकडे धाडलं. या वेळी चित्रकाराने हौसेने कोपऱ्यावरूनच घेतलं होतं, लोपबिंदू वगैरे सगळं नीट सांभाळून. चार दिवसांनी निरोप आला. घर पसंत आहे, रंगही पसंत आहे; फक्त मागचं अंग एवढं बारीक दिसतंय ते वाटणीत गेलंय का, तेवढं कळवा.